हा नव्हता, साहेब

गोजरबाई माझी सख्खी आत्या. पिंपळगाव राजाच्या शिवारात तिच्या सासरचा भाजीचा मळा होता. यजमान किसनराव बोलायचे कमी, आणि बोललेच तर बैलांशी. घरातलं, मळ्यातलं, बाजारातलं सगळं बोलणं आत्याच्याच वाट्याला आलेलं. दोन मुली लग्न होऊन गेल्या होत्या, तेव्हा ऐकणारंही फारसं कुणी उरलं नव्हतं. म्हणून ती वांग्यांशी बोले, मिरच्यांना रागे भरे.

आत्या कशी होती हे सांगायचं तर चक्कीवरची गोष्ट सांगावी लागेल. एकदा दळणाला बायांची रांग लागली होती. गावातल्या एका मोठ्या घरचा गडी मागून आला आणि त्यानं आपला डबा सगळ्यांच्या पुढं सरकवला. कुणी काही बोललं नाही, कारण नेहमीच तसं चालायचं. आत्यानं तो डबा उचलला, रांगेच्या शेवटी नेऊन ठेवला आणि म्हणाली, "चक्कीले का माहीत हाय, जवारी कोनाची हाय थे?" गडी तणतणत गेला. पण त्या दिवशी त्या डब्याचं दळण शेवटीच झालं.

महाराष्ट्र राज्य होऊन दोन-तीन वर्षं झाली होती आणि जिल्हा परिषदेच्या पहिल्या निवडणुका नुकत्याच पार पडल्या होत्या, तेव्हाची ही गोष्ट.

थंडीचे दिवस. सकाळी आत्या आणि किसनराव बैलबंडीत वांगी, मेथी, सांबाराच्या म्हणजे कोथिंबिरीच्या जुड्या भरून खामगावच्या बाजाराला निघाले होते. वाटेत एक चढ लागतो. बैलांना ओझं कमी व्हावं म्हणून आत्या खाली उतरली आणि बंडीच्या मागं चालू लागली. किसनराव पुढं बैलांच्या कासऱ्याला धरून. तेवढ्यात मागून मोटर आली. काळी, नवीकोरी. कापसाच्या जिनिंगवाले इंद्रभानजी यांची. भोंगा वाजला, बैल बुजले, बंडी आडवी झाली आणि मोटरीनं आत्याला उडवून रस्त्याच्या कडेच्या नालीत फेकलं.

किसनराव बैलांना लोंबकळत बंडीसकट पार शेतात ओढले गेले होते, त्यांना मागचं काहीच दिसलं नाही. जे दिसलं ते एकट्या आत्याला. मोटर थोडी पुढं जाऊन थांबली. स्टेअरिंगच्या बाजूचं दार उघडून स्वतः इंद्रभानजी उतरले. पलीकडच्या दारातून त्यांचा ड्रायव्हर सहदेव धावत आला. इंद्रभानजींना त्या दिवसांत मोटर चालवायला शिकायची हौस आली होती आणि मोकळा रस्ता दिसला की ते सहदेवला बाजूला बसवत.

आत्याच्या डाव्या पायाचं नडगीचं हाड बाहेर आलं होतं. इंद्रभानजींनी एकदा वाकून पाहिलं आणि ते सरळ जाऊन मागच्या सीटवर बसले.

"सहदेव, तू चालव आता. चल. मांगून बंड्या येऊन राह्यल्या, थे नेतील तिले."

सहदेव हलला नाही. त्यानं खांद्यावरचा दुपट्टा काढला, तुरीच्या काड्या मोडून पायाला लावल्या आणि दुपट्ट्यानं करकचून बांधल्या. मग म्हणाला, "मालक, रगत लय जाऊन राह्यलं. बंडीनं नेली तं बाई वाटंतच मरन."

"गाडी कोनाची हाय?" इंद्रभानजी आतून म्हणाले.

"गाडी तुमचीच हाय, मालक. तुमी पुढं बसा. बाईले मांगं निजवा लागते."

हे वाक्य आत्या नेहमी दोनदा सांगायची. सहदेव पंधरा वर्षं त्या जिनिंगमध्ये होता. मालकाला 'पुढं बसा' असं तो आयुष्यात पहिल्यांदा म्हणाला असेल. इंद्रभानजी पुढं जाऊन बसले. सहदेवनं आत्याला लहान लेकराला उचलावं तसं उचललं आणि सरकारी दवाखान्यात नेलं. जाताना तो सारखं मागं वळून म्हणत होता, "बाई, डोये मिटू नका. बोलत राहा."

बोलायला आत्याला सांगावं लागत नव्हतं. ती सगळी वाट इंद्रभानजींच्या डोक्याच्या मागच्या बाजूकडं पाहून शिव्या देत गेली.

दवाखान्यात पायाला प्लॅस्टर घातलं. चार दिवसांनी एक पोलीस जमादार जबानी घ्यायला आला.

"मोटर कोन चालवत होतं?"

"इंद्रभानजी."

जमादारानं लिहायचं थांबवून तिच्याकडं पाहिलं. "बाई, धक्क्यानं मानसाले काई बी दिसते. बराबर आठवा."

"बराबरच आठवलं. लिवा तुमी."

जमादारानं काहीतरी लिहिलं, अंगठा घेतला आणि निघून गेला. महिन्याभरानं कळलं की केस झाली आहे आणि आरोपी आहे सहदेव.

ही बातमी घेऊन आली ती सहदेवची बायको केसरबाई. जिनिंगच्या आवारातल्या चाळीत एका खोलीत त्यांचं बिऱ्हाड होतं. आत्या तोवर घरी आली होती, ओट्यावर पाय लांब करून बसलेली. केसरबाई अंगणातच उभी राहिली. ती बौद्ध घरची, गाव जुन्या वळणाचं. कोणत्या अंगणात किती पुढं यायचं याचा अंदाज घेत उभं राहायची तिला सवय होती. आत्या म्हणाली, "वर ये वं, माय. माह्यानं काई खाली उतरवत नाई." तेव्हा ती ओट्यावर येऊन बसली.

"बाई, येक इनंती हाय," केसरबाई म्हणाली. "मालकानं त्याईले समजावलं हाय. गुन्हा कबूल कर, दोन महिने जेलात जा, नोकरी तशीच ठिवतो, खोली बी तशीच. तुमी कोर्टात काई वाकडं बोलू नका. दोन महिने तं आमी काढून टाकू."

आत्याला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा ती भिंतीचा आधार सोडून ताठ बसली.

"म्हंजे ज्यानं मले पाडलं थो घरी बसन, आन् ज्यानं उचललं थो जेलात जाईन?"

"असंच चालते, बाई."

"आन् तुले हे बरं वाटून राह्यलं?"

केसरबाईनं पदर तोंडाला लावला. "बरं काऊन वाटन? पन खोली गेली तं लेकरं घेऊन कुठं जाऊ?"

आत्यानं तिला शब्द दिला नाही. ती एवढंच म्हणाली, "कोर्टात जाऊन पाह्यतो काय होते थे."

किसनरावांनी त्या रात्री जेवता जेवता पहिल्यांदाच मोठं वाक्य बोलून दाखवलं. "आपल्याले काय कराचं हाय? थो कबूल करते, आपन चूप राहावं. त्याईचे हात लंबे हायत."

"तुमी चूप राहा," आत्या म्हणाली. "तुमाले सवय हाय. मले नाई."

तालुक्याच्या कोर्टात तारीख लागली. आत्या कुबडी घेऊन, किसनराव तिच्या मागं. व्हरांड्यात माणसांची ही गर्दी. सगळे जमिनीवर बसलेले. चपराशी नावं पुकारत होता. पुकारा झाला की माणूस धडपडत उठायचा, चपला बाहेर काढायचा आणि हात जोडून आत जायचा. आत्यालाही दाराजवळ खाली बसावं लागलं. प्लॅस्टर नुकतं निघालं होतं, पाय दुमडत नव्हता.

बसल्या जागेवरून तिला आतलं दिसत होतं. वकिलांच्या टेबलाला लागून एक गादीची खुर्ची होती आणि तिच्यावर इंद्रभानजी बसले होते. ते केवळ सहदेवचे जामीनदार म्हणून आले होते. पण त्यांचे वडील इंग्रजांच्या काळात ऑनररी मॅजिस्ट्रेट होते, आणि त्या घरचं कुणी कोर्टात आलं की खुर्ची द्यायची असा रिवाज पडून गेला होता. कुणी सांगितलेलं नव्हतं, कुणी मोडलेलंही नव्हतं.

मॅजिस्ट्रेट मात्र नवे होते. राज्य एक झाल्यापासून तिकडचे अधिकारी इकडं बदलून येऊ लागले होते, हे कोकणातले. वय फार नाही, बोलणं हळू. वऱ्हाडी बोली त्यांना अजून धड कळत नसे आणि तालुक्यातल्या मोठ्या घरांची त्यांना ओळख नव्हती.

सहदेवचा पुकारा झाला. तो पिंजऱ्यात उभा राहिला. वकील मालकानंच दिलेला. वकील उठून म्हणाला, "आरोपी गरीब माणूस आहे. त्याला आपल्या चुकीचा पश्चात्ताप झाला आहे. तो गुन्हा कबूल करतो. दोन महिन्यांची कैद या गुन्ह्याला योग्य आहे असं आम्हीच म्हणतो. प्रकरण आज मिटावं."

सरकारी वकिलालाही हरकत नव्हती.

"सहदेव, गुन्हा कबूल आहे?" मॅजिस्ट्रेटनी विचारलं.

सहदेवनं मान खाली घातली आणि तोंड उघडलं. तेवढ्यात दारातून आवाज आला.

"हा नव्हता, साहेब!"

सगळं कोर्ट मागं वळलं. आत्या कुबडीवर जोर देऊन उभी राहत होती. चपराशी धावला. "चूप! चूप बस, बाई! कोर्ट हाय हे!"

"कोर्ट हाय म्हनूनच बोलून राह्यली. हा नव्हता. यानं तं मले उचललं!"

वकील घाईघाईनं म्हणाला, "साहेब, ही जखमी बाई आहे. अशिक्षित आहे. तिच्या बोलण्याकडे..."

"जखमी बाई आहे ना?" मॅजिस्ट्रेट म्हणाले. "मग तिचं आधी ऐकायला हवं होतं. येऊ द्या त्यांना."

आत्या साक्षीच्या पिंजऱ्यात आली. शपथ झाली. तिला उभं राहणं जमत नाही हे पाहून मॅजिस्ट्रेटनी चपराशाला स्टूल आणायला सांगितलं. चपराशानं इकडंतिकडं पाहिलं. साक्षीदाराला बसायला द्यायचं हे त्यानं पूर्वी केलेलं नव्हतं. शेवटी त्यानं स्वतःचंच स्टूल आणून दिलं.

"सांगा, गाडी कोण चालवत होतं?"

"थे काय, थे खुर्चीवर बसले थे."

मॅजिस्ट्रेटना 'थे' कळलं नाही. त्यांनी कारकुनाकडं पाहिलं. कारकुनाला अर्थ चांगला माहीत होता, पण सांगायची हिंमत होईना. तेव्हा आत्यानं कुबडी उचलली आणि तिचं टोक सरळ इंद्रभानजींच्या रोखानं धरलं.

"हे. जिनिंगवाले इंद्रभानजी. हेच चालवत होते. उतरून मले पाह्यलं आन् मांगं जाऊन बसले."

इंद्रभानजी हसले. वकील उठला. "साहेब, हे जिल्हा परिषदेचे सभासद आहेत. अत्यंत प्रतिष्ठित घराणं. एका भाजीवालीच्या सांगण्यावरून..."

मॅजिस्ट्रेटनी हातानंच त्याला थांबवलं आणि सहदेवला विचारलं, "सहदेव, तुम्ही सांगा. गाडी तुम्ही चालवत होता?"

'तुम्ही' म्हटल्यावर सहदेव दचकला. त्या कोर्टात आरोपीला 'तू' म्हणायची पद्धत होती. त्यानं मालकाकडं पाहिलं, मग आत्याकडं.

"मले काई नाई म्हनाचं, साहेब," तो शेवटी म्हणाला.

मॅजिस्ट्रेटनी पुस्तक उघडून एक पान वाचलं. मग मान वर करून इंद्रभानजींना म्हणाले, "तुम्ही उभे राहा."

इंद्रभानजींना ते आपल्यालाच म्हटलं आहे असं वाटलं नसावं. ते बसूनच राहिले.

"खुर्ची सोडा आणि पिंजऱ्यात या. कोर्टात हजर असलेल्या माणसानं गुन्हा केल्याचं पुराव्यात दिसलं, तर त्याला तिथंच थांबवून घेण्याचा अधिकार कायद्यानं मला दिला आहे. आरोपी सहदेवच्या वतीनं वकिलानं दिलेली कबुली मी मान्य करत नाही."

इंद्रभानजी उठले. पिंजऱ्यापर्यंतचं अंतर चार पावलांचं, पण व्हरांड्यातली सगळी गर्दी ते बघायला दारात येऊन दाटली होती. आत्या सांगायची, "त्याईले चालाले माह्यापेक्षा जास्त वेळ लागला, आन् त्याईचे तं दोन्ही पाय धड होते!"

अर्थात ते संध्याकाळी जामिनावर घरी गेले. खरा त्रास त्यानंतर सुरू झाला.

सहदेवनं मालकाचं नाव घेतलं नव्हतं, पण 'हो' म्हणाला नाही एवढा अपराध पुरला. दुसऱ्या दिवशी त्याचं सामान चाळीबाहेर काढून ठेवलं होतं. केसरबाई दोन लेकरं आणि भांड्यांचं बोचकं घेऊन आत्याच्या दारात आली. आता ती अंगणात थांबली नाही. तरातरा ओट्यावर चढली आणि म्हणाली, "घ्या, बाई. झालं तुमचं समाधान? आता सांगा, कुठं जाऊ?"

"मया हाय न," आत्या मळ्याकडं बोट करून म्हणाली.

मळ्यात विहिरीजवळ अवजारं ठेवायची एक पक्की खोली होती. ती आत्यानं त्यांना झाडून दिली. गावातली चार माणसं किसनरावांना भेटायला आली. बौद्धाचं बिऱ्हाड विहिरीजवळ ठेवलं, ते तिथलं पाणी भरणार, मग तुमच्या मळ्याची भाजी कोण नेईल, असं त्यांचं म्हणणं. किसनराव आत्याकडं बघू लागले. पण आत्या त्या दिवशी मुद्दामच काही बोलली नाही. ती त्यांच्याचकडं बघत राहिली. किसनरावांनी खाकरून घसा साफ केला.

"इहीर माही हाय," ते म्हणाले. "पानी बी माहं हाय. ज्याले भाजी न्याची नसन त्यानं नेऊ नये."

आत्या सांगायची, लग्नाला तीस वर्षं झाली होती, पण हा नवरा तिनं त्या दिवशी पाहिला.

बाजारात भाजी खरंच उठेना. नेहमीचे व्यापारी टोपल्यांकडं न बघता पुढं जायचे. इंद्रभानजींना दुखवायची कुणाची तयारी नव्हती. तेव्हा केसरबाई डोक्यावर टोपलं घेऊन खामगावच्या वस्त्यावस्त्यांतून फिरू लागली. कोर्टात मालकाला उभं करणाऱ्या बाईची वांगी, म्हणून बाया बोलावून बोलावून घेऊ लागल्या. काही नुसती गोष्ट ऐकायला घेत. टोपली दुपारच्या आत रिकामी होई.

मग एके दिवशी इंद्रभानजींचा मुनीम आला. गोड माणूस. म्हणाला, "बाई, तुमचा पाय वाकडा जुळला. नागपूरले मोठे डॉक्टर हायत, पुन्हा ऑपरेशन करून सरळ करून देतील. मालक स्वतः मोटरीनं पाठवतील. तुमी फक्त कोर्टात सांगा की धक्क्यानं डोयापुढं अंधारी आली होती, नक्की कोन होतं थे सांगता येत नाई."

आत्या त्या पायाला भारी जपत असे. मळ्यात तिचं जगणंच पायांवर होतं. वाफ्यातून उकिडवं बसून सरकता येत नव्हतं, निंदायला वाकता येत नव्हतं. तिनं पायावरून हात फिरवला. किसनराव, केसरबाई, सहदेव तिघंही तिथंच होती.

"मुनीमजी," ती म्हणाली, "पाय सरळ होईन, पन मंग मी त्याच्यावर उभी कशी राहू?"

मुनीम गेल्यावर सहदेव उठला आणि आत्याच्या पुढ्यात येऊन बसला. इतके दिवस तो खालमानेनं मळ्यात राबत होता, बोलत नव्हता. "बाई, पुढच्या तारखेले मी सांगतो. सारं सांगतो," तो म्हणाला. केसरबाईनं त्याच्याकडं पाहिलं आणि मान डोलावली.

इंद्रभानजींनी नागपूरहून नामांकित वकील आणला. त्याचा कोट पाहायलाच निम्मं पिंपळगाव कोर्टात आलं होतं. त्यानं आत्याची उलटतपासणी सुरू केली.

"बाई, धक्का लागल्यावर तुम्ही बेशुद्ध पडलात?"

"बेसुद पडली असती तं बरं झालं असतं, वकीलसाहेब. दुखलं तरी नसतं."

"तुम्ही नालीत पडलेल्या. चेहरा किती वेळ पाहिला?"

"त्याईचा चेहरा वळखाले वेळ कायले लागते? मत मांगाले आले तवा माह्याच ओट्यावर बसून चहा पेले. म्हने, गोजरबाई, मले इसरू नका. नाई इसरली."

मागं हशा पिकला. मॅजिस्ट्रेटनी टेबलावर हात आपटला, पण त्यांचेही ओठ दाबलेले होते.

वकिलानं कागद उचलला. "पोलिसांपुढच्या जबानीत तुम्ही सहदेवचं नाव दिलं आहे. हा अंगठा तुमचाच ना?"

"अंगठा माहाच. नाव माहं नाई. मी सांगतलं येक, त्यानं लिवलं येक. मले वाचून कोनं दाखवलं? आन् मले वाचता येत असतं, साहेब, तं मी अंगठा कायले लावला असता? सहीच नसती केली?"

वकिलानं कागद खाली ठेवला. मग त्यानं आवाज चढवला. "खरं सांगा, तुम्हाला हे सगळं कुणी शिकवून पाठवलं?"

"शिकवाले आला होता येकजन. पन थो तुमच्याच बाजूचा होता." आणि तिनं मुनीमाकडं बोट केलं. मुनीम दुसऱ्या बाकावर बसला होता. तो उठून बाहेर गेला.

मग सहदेव आला, आता आरोपी म्हणून नाही, साक्षीदार म्हणून. अंगात धुतलेला सदरा, हात पाठीमागं धरलेले. त्यानं पहिल्या शब्दापासून शेवटपर्यंत जसं घडलं तसं सांगितलं. गाडी कुणी चालवली, कोण उतरलं, कोण मागं जाऊन बसलं, नंतर काय समजावलं. वकिलानं त्याला नमकहराम ठरवायचा प्रयत्न केला. "पंधरा वर्षं ज्यांचं अन्न खाल्लंस, त्यांच्यावर उलटतोस?"

"अन्न कामाचं खाल्लं, साहेब," सहदेव म्हणाला. "खोटं बोलाचं काम त्यात नव्हतं."

निकालाच्या दिवशी व्हरांड्यात उभं राहायला जागा नव्हती. इंद्रभानजी दोषी ठरले. नागपूरचा वकील उठला आणि म्हणाला, "शिक्षेबाबत विनंती आहे. आरोपीचं समाजातलं स्थान पाहावं. असा माणूस तुरुंगात जाणं हीच त्याला फाशी. नुसता दंड करावा."

मॅजिस्ट्रेट हळू बोलत, त्या दिवशी त्याहूनही हळू बोलले. पण बाहेरपर्यंत ऐकू गेलं.

"पहिल्या दिवशी याच टेबलावरून मला सांगण्यात आलं होतं की या गुन्ह्याला दोन महिन्यांची कैद योग्य आहे. तेव्हा पिंजऱ्यात ड्रायव्हर होता. गुन्हा तोच आहे. या बाईंचा पाय तोच आहे. पिंजऱ्यातला माणूस बदलला, एवढ्यानं मी शिक्षा कशी बदलू? दोन महिने."

आत्याला सगळे शब्द कळले नाहीत. तिनं सहदेवला विचारलं, "काय म्हनून राह्यले थे?"

"दोन महिने, बाई," सहदेव म्हणाला. "मले देनार होते थेच." आणि तो, एवढा मोठा बाप्या, भिंतीला टेकून लेकरासारखा रडू लागला.

बाहेर आल्यावर लोकांनी आत्याला गराडा घातला. कुणी हार आणला होता. आत्यानं तो केसरबाईच्या गळ्यात घातला, केसरबाईनं काढून तिच्या गळ्यात. शेवटी त्या ओढाओढीत हारच तुटला आणि दोघी हसत सुटल्या. समोरच्या हॉटेलात चौघं एका बाकावर बसली आणि गरम भजे खाल्ले. किसनरावांनी दुसरी प्लेट मागवली. कुणाकडं त्यांनी आपणहून काही मागायची ती पहिलीच वेळ.

इंद्रभानजी वरच्या कोर्टात गेले. तिथं दोनाचा एक महिना झाला, पण दोषी ते दोषीच राहिले आणि महिना त्यांना काढावा लागला. आत्याला हे सांगितलं तेव्हा ती भाजी निवडत होती. "येक तं येक," ती म्हणाली. "येका महिन्यानं बी जेलातली भाकर कशी लागते थे कयते." पुढच्या निवडणुकीला ते उभेच राहिले नाहीत.

सहदेवला काम किसनरावांनी मिळवून दिलं. सहकारी संघाला ट्रकसाठी ड्रायव्हर हवा होता. किसनराव एकटे गेले, कचेरीत कुणाला भेटले, काय बोलले, हे त्यांनी कधीच सांगितलं नाही. पण संघाच्या चेअरमननी नंतर कुणाला तरी सांगितलं म्हणे, की एक माणूस आला, टेबलापुढं उभा राहिला आणि म्हणाला, "त्यानं माही बायको वाचवली. त्याच्याहून चांगला ड्रायव्हर तुमाले भेटनार नाई." एवढंच बोलून तो वाट पाहत उभा राहिला, आणि चेअरमनला हो म्हणावं लागलं.

मी मोठा झाल्यावर एकदा आत्याला विचारलं होतं, "आत्या, कोर्टात लहान-मोठे सगळे सारखेच असतात का गं?"

तिनं मला वेड्यात काढलं. "कुठचं रे बाबू! मी खाली बसली होती, थे खुर्चीवर. हे का सारखं झालं? त्या साहेबाच्या जागी दुसरा कोनी असता, तं सहदेव जेलात आन् मी घरात. पन म्हनून जाऊच नये का? गेली म्हनून तं थो साहेब भेटला."

आत्याचा पाय जन्मभर लंगडाच राहिला. वाफ्यात तिला बसता येईना, तेव्हा केसरबाई निंदायची आणि आत्या धुऱ्यावर म्हणजे बांधावर खाट टाकून सूचना द्यायची. त्या सूचना केसरबाईला आवडत नसत. पुढं सहदेवनं गावात स्वतःचं घर बांधलं, तरी केसरबाई मळ्यात यायची थांबली नाही. दोघी रोज भांडायच्या. मेथी कधी उपटायची, सांबाराला पाणी किती द्यायचं, यावरून त्यांचं भांडण पार दुसऱ्या शिवारात ऐकू जाई. मी सुट्टीत गेलो की किसनराव मला हळूच खूण करून बैलांकडं घेऊन जात आणि म्हणत, "चाल बाबू, तिकडं कोर्ट सुरू हाय."